परसदारची खोली

घरांतून बाहेर पडतांना 'जातें' म्हणूं नये, 'येतें' म्हणावें, अशी आपल्याकडे रीत आहे. आणि म्हणणारीला त्या शब्दाचा अर्थ क्वचितच जाणवतो. २०२० च्या जानेवारींत मेहकरच्या घरांतून मी इंग्लंडला निघालें, तेव्हां सासूबाईंच्या पायांवर डोकें ठेवून मींहि 'येतें' म्हटलें. "ये हो," त्या म्हणाल्या. तीन महिन्यांचा तर प्रश्न होता! लेकीचें पहिलें बाळंतपण. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं आणि अंगडीं-टोपडीं यांनीं भरलेली पेटी. आणि एप्रिलच्या २ तारखेचें परतीचें तिकीट. पूर्वीं लेक बाळंतपणाला माहेरीं येत असे, आतां माहेर पेटींत घालून तिच्याकडे न्यावें लागतें, एवढाच काय तो फरक.

आमचें कुटुंब एकत्र आहे. पूर्वींसारखें बावीस पानांचें नव्हे. पण यजमान, धाकटे दीर, जाऊबाई, पुतण्या, त्याची बायको, कॉलेजांत शिकणारी पुतणी आणि या सर्वांच्या वर त्या वेळीं एक्याण्णव वर्षांच्या सासूबाई, ज्यांना सारें घर 'माई' म्हणे. पैनगंगेच्या कांठचा जुना वाडा. मध्यें चौक, पुढें ओसरी, मागें विहीर व न्हाणीघर, आणि त्याच्याहि पलीकडे परसदारची एक खोली. या खोलीकडे मी पुढें येणारच आहें.

लेकीचें बिऱ्हाड लंडनच्या पश्चिमेस स्लौ या गांवीं. हीथ्रो विमानतळ तेथून जवळ असल्यामुळें विमानें डोक्यावरून एकामागून एक अशीं जात कीं प्रथम प्रथम मला झोंप येईना. फेब्रुवारींत नात झाली. रोज संध्याकाळीं व्हिडिओवर माई पणतीला पाहत आणि मध्येंच विचारीत, "हा गडगडाट कसला गं? पाऊस का?" मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत तो गडगडाट विरळ झाला, आणि एके दिवशीं सकाळीं खिडकी उघडली तों आकाश अगदीं मुकें. भारत सरकारनें २२ मार्चपासून परदेशांतून येणारीं नेहमींचीं प्रवासी विमानें बंद केलीं होतीं. ब्रिटनमधून येणाऱ्यांवर तर त्याआधीं चार दिवसच बंदी घातली गेली होती. २३ तारखेस इंग्लंडांतहि टाळेबंदी जाहीर झाली. दर गुरुवारीं रात्रीं आठ वाजतां आमच्या गल्लींतील लोक दारांत उभे राहून डॉक्टर व परिचारिकांसाठीं टाळ्या वाजवीत. नातीला घेऊन मीहि उभी राहत असें. आपल्याकडे थाळ्या वाजल्या, तेथें टाळ्या. मनुष्य घाबरला म्हणजे कांहीं तरी वाजवतो, हें सर्वत्र सारखेंच दिसलें.

तिकिटाची कथा थोडक्यांत सांगतें. २ एप्रिलचें विमान रद्द झालें. कंपनीनें २० एप्रिलची तारीख दिली, ती रद्द झाली. मग ८ मेची दिली, तीहि गेली. पैसे परत मागितले तर 'पुढील प्रवासासाठीं जमा' असा कागद आला. असे कागद हजारों घरांत आले होते, म्हणून कंपनीचें नांव घेण्यांत अर्थ नाहीं. ऑक्टोबरमध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्या काळांतील तिकिटांच्या परताव्याबद्दल आदेश दिला, तोंवर मला त्या पैशांचा विसरच पडला होता. कारण मधल्या काळांत दुसरी गोष्ट घडली होती.

अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं माई न्हाणीघरांत पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. एरवीं अकोल्यास किंवा औरंगाबादेस नेऊन शस्त्रक्रिया केली असती. पण त्या दिवसांत जिल्ह्याच्या सीमा बंद, रुग्णालयांत दुसरी धास्ती, आणि वय एक्याण्णव. २८ मार्च रोजीं बुलढाणा शहरांत कोरोनाचा एक रुग्ण दगावला, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्याच्या मनांत भीतीनें घर केलें होतें. दोघां भावांनीं डॉक्टरांशीं बोलून माईंना घरींच ठेवण्याचें ठरविलें. हांतरुणांतून त्या पुन्हां उठणार नाहींत, हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें होतें. किती दिवस काढतील, तें मात्र कोणाला सांगतां येईना.

जाऊबाईंनीं त्यांचें सारें केलें, आणि तें मनापासून केलें, हें आधीं लिहून ठेवतें. परंतु माईंचे केस विंचरणें व नखें काढणें हीं दोन कामें कित्येक वर्षें माझ्याकडे होतीं आणि त्या दुसऱ्या कोणाला हात लावूं देईनात. व्हिडिओवर त्यांच्या डोक्याचा गुंता मला दिसे. "ती येईल तेव्हां करील," एवढेंच त्यांचें उत्तर. हा हट्ट होता, कीं मला परत आणण्याची युक्ति होती, हें मला आजहि उमगलेलें नाहीं.

७ मे रोजीं सरकारची 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयाकडे नांव नोंदवावयाचें, निकड सांगावयाची व बोलावण्याची वाट पाहावयाची, असा प्रकार होता. गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी, परवान्याची मुदत संपलेले, घरीं मृत्यु झालेले यांचा नंबर आधीं. माझा परवाना जुलैपर्यंतचा, प्रकृति ठणठणीत, राहावयास हक्काची जागा. यादींत मी अर्थातच खालीं. शेवटीं मेहकरच्या डॉक्टरांनीं माईंच्या आजाराचा दाखला लिहून दिला व तो आम्हीं पाठविला. लंडन ते मुंबई भाडें सुमारें ५० हजार रुपये, आणि उतरल्यावरचें विलगीकरण ज्याच्या त्याच्या खर्चानें. यावर तेथील आपल्या मंडळींत बरीच कुरकुर चाले. मला ती फारशी पटली नाहीं. त्याच महिन्यांत आपल्या देशांत लाखों माणसें भाड्यावांचून, चपलांवांचून घरीं चाललीं होतीं, तीं आम्ही दूरचित्रवाणीवर पाहत होतों.

बोलावणें आलें जूनच्या पहिल्या आठवड्यांत, वटपौर्णिमेच्या दिवशीं. आणि तें आल्यावरच खरा प्रश्न उभा राहिला. जांवई शांत स्वभावाचे आहेत, सहसा मध्यें बोलत नाहींत. त्या रात्रीं ते म्हणाले, "आई, रागावूं नका. तुम्ही आजींना भेटायला जाताहांत. पण वाटेंत तुमच्याबरोबर कांहीं गेलें तर?" लेक नुसती रडत होती. तिचें मूल चार महिन्यांचें, नवरा घरांतूनच काम करणारा, मदतीला दुसरें कोणी नाहीं. मीं तिला सोडून जायचें तें एका वृद्ध बाईचे केस विंचरायला, आणि तिच्या उशाशीं कदाचित् मृत्यु घेऊन! दोन रात्री मी जागी होतें. तिसऱ्या दिवशीं मीं जांवयांना सांगितलें, "चौदा दिवस माईंच्या जवळ जाऊं नये असा सरकारचा नियमच आहे. तो मीं पाळला तर मग हरकत नाहीं ना?" त्यांनीं नियम वाचून काढला. २४ मेच्या आदेशाप्रमाणें सात दिवस सरकारी व्यवस्थेंत आणि सात दिवस घरीं अलग राहावयाचें होतें. ज्या नियमाला सारे कंटाळले होते, त्याच्याच आधारानें मला घरीं जातां आलें.

१२ जूनच्या विमानांत मी बसलें. हीथ्रोसारखें ठिकाण, पण दुकानें बंद, आणि बोलणें कुजबुजीचें. विमानांत सेवकवर्ग नखशिखान्त पांढऱ्या आवरणांत; खाण्याचा पुडा खुर्चीवर आधींच ठेवलेला. मधली खुर्ची रिकामी ठेवावी कीं नाहीं, हा वाद त्या दिवसांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला होता. माझ्या शेजारची भरलेलीच होती. तेथें बसलेल्या गृहस्थांचे वडील दोन आठवड्यांपूर्वीं वारले होते. अंत्यविधि त्यांनीं मोबाईलवर पाहिला. "भडजींनीं मला तिकडे बसून पाणी सोडायला सांगितलें, मीं स्वयंपाकघरांतल्या मोरींत सोडलें," एवढें ते बोलले आणि मग मुंबईपर्यंत गप्प राहिले.

मुंबईस उतरल्यावर अंगाचा ताप पाहिला, अर्ज भरून घेतले, डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला. मग रांगा लागल्या: मुंबईकर एकीकडे, इतर जिल्ह्यांतले दुसरीकडे, परराज्यांतले तिसरीकडे. मुंबईकरांना तेथील हॉटेलांत ठेवीत. आम्हांला आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं पाठविणार होते. बुलढाण्याच्या नांवापुढें दोनच माणसें, मी आणि खामगांवचा एक विद्यार्थी. आमच्या जिल्ह्यांत प्रवासी विमान उतरत नाहीं. आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगांव या उत्तरेच्या पट्ट्यानें निघून जाते, आणि घाटावरच्या आम्हां लोकांसाठीं जी खामगांव-जालना गाडी व्हायची, ती पिढ्यान् पिढ्या भाषणांतूनच धांवत आली आहे. तेव्हां परवाना लावलेल्या मोटारीनें नाशिक, औरंगाबाद, जालना असा प्रवास ठरला. (औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर हें नामांतर पुढें २०२३ मध्यें अमलांत आलें.)

औरंगाबाद सोडून जालन्याकडे निघालों तेव्हां करमाडजवळ चालकानें गाडी हळू केली आणि रुळांच्या दिशेला बोट दाखविलें. ८ मेच्या पहाटे तेथें सोळा मजूर मालगाडीखालीं गेले. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत काम करणारे, मध्यप्रदेशांतले. भुसावळला गाडी मिळेल या आशेनें रुळांवरून चालत निघाले आणि थकून रुळांवरच झोंपले. गाड्या बंद आहेत, तेव्हां रूळ सुरक्षित, असें त्यांना वाटलें असावें. त्यांच्या भाकरी रुळांत विखुरलेल्या मीं चित्रांत पाहिल्या होत्या. आम्हां दोघांच्या मांडीवर विमानांतले न उघडलेले पुडे होते. विद्यार्थी त्याचा पुडा उघडीत होता, तो त्यानें तसाच मिटून पिशवींत घातला. जालना येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

बुलढाण्याचे सात दिवस मला जड गेले नाहींत. गांव घाटमाथ्यावर, हवा थंड, पहिला पाऊस पडून गेलेला. वसतिगृहासारख्या इमारतींत प्रत्येकाला एक खोली. दाराशीं डबा, दिवसांतून एकदां तपासणी. त्याच आठवड्यांत वर्तमानपत्रांत आमच्याच जिल्ह्यांतील लोणारचें नांव गाजत होतें. उल्केच्या आघातानें झालेल्या त्या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें होतें. लोणार मेहकरहून जवळच. लहानपणापासून पाहिलेलें तें हिरवट पाणी गुलाबी झाल्याचें ऐकून मला प्रथम खोटेंच वाटलें. चौकीदाराचें म्हणणें, "मावशी, ह्या साली काय व्हईन त्याचा नेम नाई." प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलें. पाणी तपासून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें सांगितलें, कीं क्षार वाढल्यामुळें त्यांतच वाढणारे 'हॅलोआर्किया' नांवाचे सूक्ष्म जीव बळावले व तो रंग त्यांचा होता. माईंना मात्र खात्री होती कीं हा ग्रहणाचा परिणाम. कारण २१ जूनला सूर्यग्रहण होतें. ग्रहणाचा परिणाम ग्रहणाच्या आधींच कसा, असें पुतणीनें विचारलें, तर म्हणे, "वेध आधीं लागतात."

२० जूनच्या संध्याकाळीं मी घरीं पोंचलें. पुढच्या दारानें नव्हे, बोळांतून मागच्या दारानें. आणि ज्या खोलींत माझी व्यवस्था केली होती, ती परसदारची खोली.

दुसरी सोयीची जागा घरांत नव्हती, हें खरें आहे. न्हाणीघर लगत, स्वतंत्र दार, चौकाकडे उघडणारी एक खिडकी. पुतण्यानें चुना दिला होता, पंखा बसविला होता, मोबाईलसाठीं तार ओढली होती. त्याला त्या खोलीचा इतिहास ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसावा हेंच योग्य. मी १९८१ सालीं लग्न होऊन या घरांत आलें, तेव्हां घरांतल्या बायका महिन्याचे चार दिवस त्या खोलींत बसत. ताट उंबऱ्याबाहेर सरकवलें जाई, पाणी वरून ओतलें जाई, अंथरूण निराळें, सावलीसुद्धां निराळी. मी बी. ए. झालेली, माहेरीं असलें कांहीं पाहिलेलें नाहीं. पहिल्या खेपेस मी रात्रभर रडलें. माई त्या वेळीं बावन्न वर्षांच्या, कडक, दारापाशीं येऊन त्या म्हणाल्या होत्या, "सवय होते." त्या एका वाक्याबद्दल मीं त्यांना फार वर्षें क्षमा केली नव्हती. पुढें मी शाळेंत नोकरीला लागलें, जाऊबाई आल्या, त्याहि नोकरी करणाऱ्या. १९९० च्या सुमारास ती रीत भांडणावांचून गळून पडली. खोलींत लोणच्याच्या बरण्या, जळण आणि बिघडलेलें शिवणयंत्र येऊन बसलें. मग त्या विषयावर कोणीं कधीं शब्द काढला नाहीं.

आणि एकोणचाळीस वर्षांनीं माझ्यासमोर तोच उंबरा, तेंच बाहेरून सरकवलेलें ताट! जाऊबाईंनीं ताट ठेवलें आणि चार पावलें मागें सरून उभ्या राहिल्या. दोघींच्याहि तोंडावर मुखपट्टी. पण त्यांचे डोळे मला दिसले. "वहिनी, पाणी वरून ओतूं का?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हंसलों, कीं दीर काय झालें तें पाहावयास आले.

माईंची खाट मुद्दाम ओसरीवर आणली होती. खिडकींतून त्यांचें पांढरें डोकें आणि एक हात दिसे. ग्रहणाच्या दिवशीं, पर्वकाळ संपून घरांत स्नानें झाल्यावर, त्यांनीं मला हांक मारली. कानांनीं त्या धड होत्या, आवाजहि पोंचत असे.

"अगं, तुला पुन्हां त्या खोलींत बसावें लागलें."

मीं म्हटलें, "आतां कारण निराळें आहे, माई."

"कारण तेव्हांहि आम्हांला कोणीं सांगितलें नव्हतें," त्या म्हणाल्या. मग जराशानें, "मी पंधरा वर्षांची होतें. १९४४ सालीं आलें. पहिल्यांदा बसले तेव्हां भीति वाटली. मग वाटेना. बावीस माणसांचा स्वयंपाक होता गं या घरांत. तेवढे चार दिवस चुलीपुढें जावें लागत नसे. मामंजींकडे येणारीं मासिकें जुनीं झालीं कीं रद्दींत त्याच खोलींत येत. मला वाचायची गोडी लागली ती तेथें."

मला हें ठाऊक नव्हतें. चार दशकें एका घरांत राहून ठाऊक नव्हतें. पुतणी ओसरीवरच बसली होती, ती उसळली. "माई, म्हणून काय ती रीत चांगली ठरते का? काकू आज आंत बसल्या आहेत त्या तुमच्या जिवासाठीं. तेव्हां काकूंमुळें कोणाच्या जिवाला काय धोका होता?" मुलीचें म्हणणें बिनतोड होतें, आणि मीं तसें तिला सांगितलें. एक अंतर सूक्ष्म जंतूंच्या हिशेबानें ठरलेलें, चौदा दिवसांनीं संपणारें, पुरुषालाहि लागू. दुसरें जन्माला लावलेलें. दोन्हींची तुलनाच होऊं नये. पण रात्रीं त्या खोलींत दिवा मालवल्यावर शरीराला हा भेद तितकासा कळत नव्हता, हेंहि मला लिहिलें पाहिजे. उंबऱ्याशीं ताट सरकल्याचा आवाज झाला कीं माझे हात आपोआप आंखडत. आणि त्याच वेळीं, पंधरा वर्षांची एक मुलगी याच भिंतीला टेकून, कोणी पाहत नाहीं अशा बेतानें रद्दींतलें पान उलटते आहे, असें चित्र मला दिसूं लागलें होतें. ज्या बाईवर मीं रागावलें होतें ती, आणि ही मुलगी, यांची सांगड मला घालतां येईना.

यजमान इतिहासाचे वाचक. दुसऱ्या दिवशीं चौकांतल्या तुळशीवृंदावनापाशीं खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "आज २२ जून. १८९७ सालीं याच तारखेस रात्रीं पुण्यास रँडवर गोळी झाडली." प्लेगच्या वेळच्या घरझडत्या, बायकांना रस्त्यावर आणून केलेली तपासणी, चापेकर बंधु, हें सारें आपल्या घराघरांत सांगितलें जातें. त्या वर्षींचाच साथरोग कायदा २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला होता. पण त्या कायद्याची जी व्यक्ति रोज आमच्या फाटकाशीं येई, ती गोरा सोजीर नव्हती. आपल्याच गांवातली आशाताई, हातांत वही, पायांत भिजलेल्या चपला. "काकू, ताप-खोकला तं नाई ना? बाहेर निंगू नोका बरं," एवढें विचारून ती पुढच्या दारीं जाई. दिवसाला किती घरें फिरत असेल देव जाणे. आमच्या जाऊबाई तिला चहा देत, तो ती ओट्याच्या टोकाला बसून घेई.

माईंना प्लेग आठवत नव्हता, पण त्यांच्या आईकडून ऐकलेला होता. गांव ओस टाकून लोक शेतांत झोपड्या घालून राहत. त्याला त्या 'कारंटीन' म्हणत. १९१८ च्या तापाबद्दल मात्र त्यांच्या आईनें कधीं सांगितलें नाहीं. जूनमध्यें मुंबई बंदरांत उतरलेला तो ताप त्या हिवाळ्याच्या तोंडाला देशभर पसरला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडानें त्याचा भयंकर तडाखा सोसला. माईंची आई तेव्हां बारा-तेरा वर्षांची असेल. "तिचीं दोन भावंडें एका आठवड्यांत गेलीं, एवढें कळलें होतें. तिनें नांवें कधीं घेतलीं नाहींत," माई म्हणाल्या.

२४ जूनच्या रात्रीं माईंना ताप भरला. चौकापलीकडे दिवे लागले, पावलें वाजलीं, कोणी तरी दूरध्वनीवर डॉक्टरांना हांक मारीत होतें. मीं दार उघडलें. यजमान चौकांतूनच म्हणाले, "तूं येऊं नकोस." ते बरोबर बोलत होते. मी उंबऱ्यावर बसलें. माई कण्हत होत्या. ताप कशाचा, हा प्रश्न घरांत कोणीं उघड विचारला नाहीं. पण सारे एकदां माझ्या खोलीकडे पाहत आणि मान फिरवीत. मीं खिडकीसुद्धां नीट उघडली नव्हती, माझी तपासणी निर्दोष आलेली होती. तरी रात्रभर मी मनांत एकेका दिवसाचा हिशेब करीत राहिलें. दुसऱ्या दिवशीं माईंच्या घशांतला नमुना नेला. अहवालाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जाऊबाई एकट्याच माईंजवळ राहिल्या. इतर कोणाला त्यांनीं ओसरीवर पाऊल टाकूं दिलें नाहीं. माझें ताट पुतणी आणून ठेवी. मला अन्न जाईना, तेव्हां जाऊबाईंनीं ओसरीवरून मला दटावलें, "वहिनी, तुम्ही आजारी पडलांत तर दोघींचें करायला मला चार हात नाहींत!" मी मुकाट्यानें जेवलें.

ताप लघवीच्या विकाराचा निघाला. औषधानें उतरला.

त्यानंतर माई जेमतेम आठ आठवडे राहिल्या. गौरी-गणपतीच्या आधीं त्या गेल्या तेव्हां नियमाप्रमाणें वीसच माणसांना परवानगी होती. मेहकरचें आमचें मोठें गणगोत, ज्यानें एरवीं रस्ता भरला असता, तें आपापल्या दारांत हात जोडून उभें राहिलें. लेकीनें इंग्लंडांतून सारें मोबाईलवर पाहिलें. तिला मोरींत पाणी सोडावयास मीं सांगितलें नाहीं. कुंडींतल्या झाडाला घाल म्हटलें.

पण ते आठ आठवडे मला मिळाले. २७ जूनला सकाळीं, चौदा दिवस पुरे झाल्यावर, मी न्हाऊन चौक ओलांडला. हातावरचा शिक्का पुसट झाला होता, गेला नव्हता. माईंनीं तो पाहिला आणि विचारलें, "हें कसलें गोंदण?" मीं सांगितलें. त्यांनीं माझा हात हातांत घेऊन बराच वेळ उलटसुलट केला. त्यांचीं नखें मला टोंचलीं, इतकीं वाढलीं होतीं. मी खाटेवर बसलें, मांडीवर पंचा पसरला आणि नखें काढावयास सुरुवात केली. डोक्याचा गुंता सोडवावयास खोबरेल लागणार होतें, तें जाऊबाई कोमट करून घेऊन आल्या.

"आधीं हें सांग," माई म्हणाल्या, "पणतीचें नाक कोणावर गेलें आहे? त्या मोबाईलवर कांहीं कळत नाहीं."